दुष्काळात शिवलेली लाइफ जॅकेटं

लातूरला आमचं गादीचं दुकान होतं. नवरा कापूस पिंजायचा आणि मी शिवायची. त्या साली हाताला कामच नव्हतं. पावसानं लागोपाठ दगा दिलेला, लग्नं पुढं ढकललेली, आणि लग्नंच नाहीत म्हटल्यावर नवी गादी कोण करणार? सकाळी टँकरच्या रांगेत घागरी लावायच्या आणि दुपारी दुकानात बसून रस्त्याकडं बघायचं, असे दिवस चालले होते.

अशाच एका दुपारी दुकानासमोर हातगाडा थांबला. गाड्यावर केशरी रंगाचा ढीग होता आणि ढीग पडू नये म्हणून मागून दोन्ही हातांनी धरून चालत आलेले एक वयस्कर गृहस्थ. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. ते जिल्हा कचेरीचे भांडारपाल होते. मूळचे उदगीरकडचे, त्यामुळं चिडले की तोंडात कानडी यायची. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पाच म्हटलं.

"बाई, हे शिवता येईल का?" त्यांनी एक नग माझ्यापुढं धरला.

मी उलटसुलट करून पाहिलं. बिनबाह्यांचं जाडजूड जाकीट, पुढं दोन फुगीर कप्पे, मानेमागं एक, आणि लोंबणारे पट्टे. "हे काय हाय आप्पा?"

"लाइफ जॅकेट. बोटीत बसताना घालायचं. माणूस पाण्यात पडला तर बुडत न्हाई."

आतून माझा नवरा हसत बाहेर आला. "लातुरात बुडायला पाणी कुठंय हो आप्पा?"

आप्पा हसले नाहीत. कचेरीत त्यांना हेच रोज ऐकावं लागत होतं, हे मला नंतर कळलं. जिल्हा नवा झाला तेव्हा जुन्या सामानाची वाटणी झाली. टेबलं आली, कपाटं आली, त्यांच्यासोबत एक पत्र्याची बोट आणि अठरा जॅकेटंही आली. बोट कचेरीमागच्या लिंबाखाली ठेवलेली. तिच्यात लिंबाचा पाला साचायचा आणि दुपारी शेळ्या बसायच्या. जॅकेटं बोटीच्या बाकाखालच्या खणात कोंबलेली. आता वरून कागद आला होता: पावसाळ्याआधी बोटीवरचं सगळं सामान तपासून, दुरुस्त करून तसा दाखला पाठवा.

"पट्टे तेवढे बदला," आप्पा म्हणाले. "अन् जिथं उसवलंय तिथं टाका घाला. आठ दिवसांत द्या."

ते गेल्यावर मी पहिलं जॅकेट मांडीवर घेतलं. आतल्या बाजूला कापडावर शिक्का होता, पुसट, पण बनवल्याचं साल वाचता येत होतं. मी बोटांवर मोजलं. जॅकेट माझ्याहून फक्त पाच वर्षांनी लहान होतं! एकोणीस वर्षं हे कापड ऊन, ओल आणि डिझेल खात आलं होतं. खांद्यावरचा केशरी रंग उडून पार पिवळट झालेला. पट्टा जरा जोरानं ओढला तर शिवणीपाशी सुटून हातात आला. दोरा सुती होता, कुजलेला. हे नुसत्या टाक्यानं भागणार नाही, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. मी कप्प्याची शिवण उसवली.

आत पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, उशीसारख्या भरलेल्या. एक फोडली तशी दुकानभर पांढरी धूळ उडाली. नवऱ्यानं चिमूटभर कापूस घेऊन बोटांत चोळला आणि त्याचा चेहराच बदलला.

"अगं, हा आपला कापूस न्हाई. हा सावरीचा हाय!"

सावरीचा कापूस म्हणजे झाडाच्या बोंडातला, रेशमासारखा गुळगुळीत. त्याच्या उशा मी शिवल्या होत्या. त्याचं सूत होत नाही, पण तो पाणी पीत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच जॅकेटात भरला असणार. मला भारी मौज वाटली. आमच्या उशीतला कापूस माणसाला तारतो, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी दुसरं उसवलं, तिसरं उसवलं. काही पिशव्यांना उंदरांनी भोकं पाडली होती आणि आत ओल शिरून कापसाचा काळा गोळा झालेला. सहावं जॅकेट उसवलं तेव्हा मात्र हात थांबला. आतला कापूस वेगळा होता. खरबरीत, मध्येच सरकीचे तुकडे. हा शेतातला साधा कापूस, आम्ही स्वस्तातल्या गादीत भरायचो तो.

मी घागरीतून एक तांब्या पाणी घेतलं. त्या दिवसांत तांब्याभर पाणी असं घेणं म्हणजे चैनच होती. नवरा काही बोलायच्या आत दोन परातींत ते ओतलं, एकीत सावरीचा कापूस टाकला, दुसरीत हा. सावरीचा वरच राहिला, बोटानं दाबला तरी पुन्हा वर आला. साध्यानं बघता बघता पाणी ओढलं आणि भिजून तळाशी बसला.

मी तशीच उठले आणि चप्पल न घालता कचेरीच्या दिशेनं निघाले.

आप्पांना घेऊन आले तेव्हा दोन्ही पराती तशाच होत्या. त्यांनी वाकून पाहिलं, मग खाली बैठकच मारली. दोन बोटांनी तो भिजका गोळा उचलून पिळला.

"अशी किती हायत?"

"सहा उसवली, त्यात हे एक सापडलं. बाकीची उसवली न्हाईत."

"कुणी भरलं असंल हे?"

ते कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. जॅकेटं किती हातांतून फिरली होती, मध्ये कुण्या दुरुस्तीवाल्यानं काय केलं होतं, याचा कागद कुठंच नव्हता. आप्पांनी गोळा परत परातीत टाकला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, वाटणीच्या वेळी हे सामान मी ताब्यात घेतलं. 'सुस्थितीत' असं लिहून दस्तखत केली. एकबी उघडून बघितलं नव्हतं."

नवरा म्हणाला, "मग आता गप शिवून टाकू. कुणाला कळतंय?"

आप्पांनी एकदम मान वर केली. "अरे, हे घालून एखादा पाण्यात उतरला तर? त्याला वाटणार, आपण तरणार."

त्या वाक्यासरशी माझ्या अंगात काहीतरी संचारलं. महिनोन्‌महिने रस्त्याकडं बघत बसलेली मी! मी म्हटलं, "आप्पा, सगळी नव्यानं करू. पट्टे न्हाई, सगळंच."

दुसऱ्या दिवसापासून आमचं दुकान जागं झालं. आप्पांकडं एक जुनी पुस्तिका होती. ती ते कचेरी सुटल्यावर येऊन मराठीत सांगायचे आणि आम्ही ऐकायचो. जॅकेटावर बसू नये, त्याची उशी करू नये, आतला कापूस दबतो. ओलं जॅकेट उन्हात नव्हे, सावलीत वाळवावं. दरवर्षी पट्टे ओढून बघावेत, शिवणी बघाव्यात. कापड अंगठ्यानं दाबल्यावर फाटलं तर ते जॅकेट पुन्हा वापरूच नये. ही शेवटची परीक्षा मी अठराही जॅकेटांवर केली. तीन फाटली. आप्पांनी ती वेगळी ठेवली आणि त्यांच्यावर काळ्या रंगानं फुल्या मारल्या, म्हणजे कुणी चुकून बोटीत टाकू नयेत.

सावरीच्या कापसासाठी नवरा एस.टी.नं हदगावला गेला. तिकडं जंगलाच्या बाजूनं बोंडं बाजारात येतात, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तो बसच्या टपावरून दोन पोती उतरवून आला तेव्हा त्याच्या भुवया, मिशा, कानाची पाळीसुद्धा पांढरी झालेली. "कंडक्टर म्हणाला, हे काय पोतंभर हवा घेऊन चाललाव?" असं सांगून तो स्वतःच पोट धरून हसला. त्याला इतकं हसताना मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच पाहिलं.

पट्ट्यांना मी खाटेची नवार वापरली नाही. ती सुती, पुन्हा कुजली असती. दप्तरं शिवणाऱ्याकडून नायलॉनचे पट्टे आणले, चांभारकाकांकडून जाड नायलॉनचा दोरा. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या कापून त्यांत कापूस भरायचा आणि तोंड बंद करायला प्लॅस्टिकची कड करवतीच्या पात्याला लावून मेणबत्तीवरून फिरवायची. कड वितळून चिकटायची. पहिल्या चार पिशव्या जळाल्या, मग हात बसला. प्रत्येक जॅकेटाच्या आत, जुन्या शिक्क्याखाली, आप्पा न पुसणाऱ्या शाईनं दुरुस्तीची तारीख लिहायचे. माझी पंधरा जॅकेटं तयार झाली.

आता ती तपासायची कुठं? पुस्तिकेत लिहिलं होतं, जॅकेटाला ठरलेलं वजन बांधून एक दिवस एक रात्र पाण्यात ठेवायचं. लातुरात एवढं पाणी मागितलं असतं तर लोकांनी आम्हाला दुकानासकट उचलून बाहेर टाकलं असतं. आप्पांनीच तोड काढली. टँकरचे सुटे भाग आणायला कचेरीची जीप नांदेडला जाणार होती. विष्णुपुरीला धरणाचं काम चालू होतं, तिथं गोदावरीच्या डोहाला पाणी होतं, आणि कामावरच्या एका साहेबांची आप्पांशी ओळख होती.

"तुम्ही दोघंबी चला," आप्पा म्हणाले. "काही उसवलं तर तिथंच शिवता येईल."

गोदावरी! मी नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, लगेच हो म्हणून टाकलं. माझं माहेर धर्माबादकडचं, गोदावरीच्या काठचं. कमरेला वाळका भोपळा बांधून मी तिथं पोहायला शिकले होते. लग्न होऊन लातूरला आले त्याला सहा वर्षं झालेली, आणि या सहा वर्षांत माझ्या अंगावर एका वेळी बादलीपेक्षा जास्त पाणी पडलं नव्हतं.

जीपमध्ये आम्ही जॅकेटांच्या ढिगात अडकून बसलो होतो. बाहेर सगळी राखेच्या रंगाची शेतं. विष्णुपुरीला गाडी वळली, चढ उतरली आणि समोर पाणी दिसलं. उन्हाळ्यामुळं पात्र निम्मं उघडं पडलं होतं, तरी मधला डोह केवढा तरी मोठा आणि हिरवागार होता. मला हुंदका आणि हसू एकदमच आलं. मी जीप थांबायच्या आत उतरू लागले तसा नवरा ओरडला, "अगं दम धर, पडशील!"

तिथल्या कामावरच्या सळयांचे तुकडे तोलून आम्ही एकेका जॅकेटाला बांधले. एक म्हातारे नावाडी मामा होते, त्यांनी आपल्या होडीतून ती जॅकेटं डोहात नेऊन एका दोराला ओळीनं अडकवली. पंधरा केशरी ठिपके पाण्यावर डुलायला लागले. ते बघायला कामावरची माणसं टोपली डोक्यावर तशीच ठेवून काठावर उभी राहिली. मुक्कामाला आम्ही नांदेडला माझ्या मावशीकडं गेलो, पण माझं सगळं लक्ष डोहाकडं.

सकाळी काठावर पोचल्या पोचल्या मी मोजायला लागले. चौदा. पुन्हा मोजली. चौदाच. पंधरावं पाण्याखाली गेलं होतं, त्याच्या कॉलरचा नुसता कोपरा दिसत होता.

मामांनी ते ओढून आणलं. मी तिथंच काठावर बसून उसवलं. दोन पिशव्यांच्या कडा नीट चिकटल्याच नव्हत्या. पुढच्या दोन्ही कप्प्यांतला कापूस, सावरीचा असूनही, रात्रभर वजनाखाली पाण्यात दबून चिखल झाला होता. म्हणजे चूक माझीच होती. आप्पांनी ते ओलं प्लॅस्टिक हातात घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं. इथं कळलं." एवढंच. मी सोबतचा कोरडा कापूस नव्या पिशव्यांत भरून जवळच्या पात्यानं-मेणबत्तीनं पुन्हा कडा लावायला बसले, आणि उरलेल्या चौदा जॅकेटांच्या शिवणी उसवून प्रत्येक पिशवी दाबून पाहिली. त्यात एक कड कच्ची निघाली, तीही दुरुस्त केली आणि कप्पे पुन्हा शिवले.

आता माणसावरची परीक्षा राहिली होती. त्यासाठी कामावरचा एक पट्टीचा पोहणारा येणार होता. दहा वाजले, अकरा वाजले, तो आलाच नाही. जीपला दुपारी परतायचं होतं. आप्पा अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालायला लागले. शेवटी एक जॅकेट त्यांनी स्वतःच गळ्यात अडकवलं, गळ्यातल्या लिंगाला हात लावला, पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि तिथंच थिजले. त्यांना पोहता येत नव्हतं.

"आप्पा, काढा ते," मी म्हटलं. "मी उतरते."

"अगं, येडी झालीस का?" नवरा म्हणाला. "एवढी माणसं बघायलीत!"

"बघू द्या की. जॅकेट मी शिवलंय. दुसऱ्याला कशाला उतरवायचं?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आप्पांच्या गळ्यातलं जॅकेट काढून मला घातलं. मग खाली बसून स्वतःच माझे पट्टे आवळू लागला. "सैल हाय का? घट्ट हाय का?" असं चार वेळा विचारलं. मी साडीचा काष्टा मारला, होडीत चढले. मामांनी डोहाच्या मध्यावर नेलं आणि म्हणाले, "मार उडी, पोरी."

मी उडी मारली.

पाणी कानावरून बंद झालं आणि त्याच क्षणी कुणीतरी काखेत हात घालून वर खेचावं तशी मी वर आले. नाकातोंडात पाणी, पुढचं काही दिसेना, पण मी वर होते! हातपाय न हलवता वर होते! मग पुस्तिकेतली कठीण परीक्षा केली. अंग सैल सोडलं, श्वास धरला आणि तोंड पाण्यात घालून पालथी पडून राहिले, बेशुद्ध माणूस पडावा तशी. काठावरून नवऱ्याची हाक ऐकू आली, घाबरलेली. एक, दोन, तीन... आणि छातीवरच्या कप्प्यांनी मला हळूच कलतं केलं, मग पूर्ण उताणं. डोळे उघडले तर वर आभाळ. मी जोरात ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. काठावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

एक खोड मात्र सापडली. जॅकेट वर सरकून कानाला लागत होतं. कमरेचा पट्टा चार बोटं खाली हवा होता. मी पाण्यातूनच ओरडून सांगितलं आणि आप्पांनी लगेच वहीत लिहून घेतलं.

होडी काठाला आली तेव्हा नवरा जॅकेट चढवून उभा होता. बादलीपलीकडं पाणी न बघितलेला माणूस! "मलाबी बघू दे," एवढंच म्हणाला. मी त्याचा हात धरून आत नेला. पाणी छातीला लागलं तसे त्यानं डोळे गच्च मिटले, माझा दंड असा धरला की चार दिवस वळ राहिले. मग पाय सुटले. त्यानं एक डोळा उघडला.

"हाय की! अगं, तरंगलो की मी!"

पुढं कितीतरी वेळ तो बाहेर यायलाच तयार नव्हता. जीपवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून आम्हाला बाहेर काढलं.

लातूरला येऊन मी पंधराही जॅकेटांचे पट्टे खाली घेतले. आप्पांनी अहवाल लिहिला, आणि त्यात आपण सामान न उघडता दस्तखत केली होती, हेही लिहिलं. मी म्हटलं, कशाला लिहिता? म्हणाले, "लिहिलं न्हाई तर पुढचाबी असंच करंल." त्यांना वरून खुलासा मागणारा कागद आला. ते दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या घरून कळलं. पण वरच्या साहेबांनी खुलासा वाचून प्रकरण मिटवलं आणि जॅकेटांची तपासणी दरवर्षी आमच्याच दुकानात करायची, असा हुकूम काढला.

त्या साली पाऊस आला नाही. पुढच्या साली जेमतेम आला. तरी उन्हाळ्यात हातगाडा यायचा, मी शिवणी बघायची, पट्टे ओढायची, आप्पा आत तारीख लिहायचे. रस्त्यावरची पोरं विचारायची, "काकू, समुद्र कवा येणार?"

तिसऱ्या साली मात्र पाऊस असा आला की थांबेचना. मांजरेला पूर आला आणि लिंबाखालची बोट पाला झटकून ट्रकवर चढली. नदीकाठच्या एका वस्तीतली माणसं तिनं दोन दिवस बाहेर काढली. सगळी सुखरूप आली, हे आप्पा पावसात भिजत दुकानात येऊन सांगून गेले. पण बोट परत आली तेव्हा जॅकेटं चौदाच. आप्पा हैराण. नोंदवही घेऊन दोनदा बोट झाडून आले.

चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला: लगेच कचेरीत या, कात्री घेऊन. मी गेले. कचेरीच्या ओसरीवर एक म्हातारे शेतकरी बसले होते. धोतर, पागोटं आणि अंगात केशरी जॅकेट. भोवती सगळे कारकून जमलेले. ते एस.टी.नं, रस्त्यानं, तसेच जॅकेट घालून आले होते.

"बाबा, काढलं का न्हाई हे?" मी विचारलं.

"बोटवाल्यानं सांगितलं हुतं, मी सांगितल्याबिगर काढायचं न्हाई. त्यो पुन्हा आलाच न्हाई सांगायला."

"मग चार दिवस झोपला कसे?"

"उताणा," ते म्हणाले. "पालथं पडू देत न्हाई हे."

आप्पांना हसू आवरेना. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. पट्ट्यांच्या गाठी भिजून आवळून दगडासारख्या झाल्या होत्या. कात्री बाजूला ठेवून मी सुईच्या टोकानं एकेक गाठ मोकळी करायला बसले, कारण पट्टे अजून मजबूत होते आणि कापावेसे वाटेनात. बाबा हात वर करून शांत बसून राहिले, मापाला उभ्या राहिलेल्या माणसासारखे.